आश्रय तुटल्यावर

अजिंठ्याचे चोविसावे लेणे अपुरेच राहिले आहे. पाचव्या शतकात वाकाटक नृपती हरिषेणाच्या राजवटीत, त्याचा सचिव वराहदेव याच्यासारख्यांच्या आश्रयाने येथे जोमाने काम चालले होते. हरिषेणानंतर तो आश्रय तुटला आणि छिन्नी थांबली, असे अनेक अभ्यासक मानतात. हुन्नर होता, पोशिंदा उरला नाही. महाराष्ट्रातील व्यावसायिक फुटबॉलची कथा याहून फारशी निराळी नाही.

मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली. २०१० मध्ये कंपनीने शालेय फुटबॉलकडे वळण्याचे ठरवून संघच विसर्जित केला. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता होता. २०१५ मध्ये मालकांनी अंग काढून घेतले. एफसी पुणे सिटी २०१७-१८ च्या हंगामात उपान्त्य फेरीत पोहोचला, पुढच्या हंगामात घसरला आणि २०१९ मध्ये आर्थिक विवंचनेत बंद पडला. लीगमधील त्याची जागा हैदराबादकडे गेली.

मालकांची बाजूही ऐकावयास हवी. तिकीटविक्रीतून खर्च भागत नाही. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि आय-लीगचे तेज ओसरले, हा काही त्यांचा अपराध नव्हे. सामना हरल्याबद्दल तर मालकास मुळीच जबाबदार धरू नये. हार-जीत मैदानावर ठरते. परंतु आपण गेल्यावर क्लबचे काय होईल, याची तरतूद करणे हे मालकाचे आणि केवळ मालकाचेच काम आहे. खेळाडूच्या उमेदीची वर्षे मोजकीच असतात. ती ज्याच्या हवाली केली, त्याने ताळेबंद पाहून एका हंगामात दार लावून घ्यावे, हे न्याय्य नव्हे.

कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे संघ पिढ्यान्‌पिढ्या टिकले आहेत. कारण ते एका धनिकाचे नसून पेठेचे आहेत. जर्मनीत तर क्लबमधील निम्म्याहून अधिक मते, काही अपवाद वगळता, सभासदांच्याच हाती राहतील असा नियम आहे.

आपल्या महासंघानेही संघाला परवाना देताना तीन अटी घालाव्यात: एका वर्षाच्या वेतनाइतकी अनामत, माघारीची एक हंगाम आधी सूचना आणि कारभारात समर्थकांना स्थान. ज्यांना या अटी जाचक वाटतील, त्यांनी संघाला शहराचे नाव देऊ नये.