चित्र आपले, मालकी कुणाची?

गेममधला दरवाजा, रांजण, बुरूज, तलवार यांतली प्रत्येक वस्तू कुणीतरी बसून घडवलेली असते. जगभर खेळल्या जाणाऱ्या मोठ्या गेम्ससाठी असे बरेचसे काम आज पुण्यात, बंगळुरूत आणि गुरुग्राममध्ये होते. एका रांजणाचेच पाहा. परदेशी स्टुडिओकडून संदर्भचित्रे येतात. आर्टिस्ट आधी लाखो पॉलिगॉनचे, म्हणजे छोट्या पैलूंचे, बारीक मॉडेल घडवतो. काठाचा उडालेला टवका, पोटावर ओघळलेल्या तेलाचा डाग, सगळे त्यात येते. मग तोच रांजण काही हजार पॉलिगॉनमध्ये बसवावा लागतो, कारण खेळताना यंत्राला तेवढेच पेलते. बारकावे उठावाचा भास देणाऱ्या नॉर्मल मॅपमध्ये उतरतात, वर टेक्स्चर चढते, तिकडून शेरे येतात, दुरुस्त्या होतात आणि फाइल रवाना होते. पगार मिळतो, हातही तयार होतो. पण गोपनीयतेच्या करारामुळे गेम बाजारात येईपर्यंत तो रांजण सहसा स्वतःच्या पोर्टफोलिओतही ठेवता येत नाही, आणि गेम कितीही खपला तरी घडवणाऱ्याच्या पदरात त्यातले काही पडत नाही. आपल्या मुलांना आपण या कामाच्या पहिल्या अर्ध्याचेच शिक्षण देतो आहोत आणि दुसरा अर्धा, म्हणजे मालकी, अभ्यासक्रमाबाहेरच ठेवतो आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मालकी हातात नसली की काय होते, याचे उदाहरण राज्यातच आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ या गाजलेल्या गेमची नवी आवृत्ती युबिसॉफ्टचे पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ करत असल्याची घोषणा सप्टेंबर २०२० मध्ये झाली. मे २०२२ मध्ये ते काम माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेले. कंपनीच्या दृष्टीने तो निर्णय बरोबर होता की नाही, हा वाद मी घालत नाही. निर्णय घेणारे इथे नव्हते, एवढेच लक्षात घ्यावे.

त्याच सुमारास पुण्यातच दुसरी वाट तयार होत होती. आर्टिस्ट श्रुती घोष, गेम डिझायनर अविचल सिंह आणि इयन मॉड यांनी ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ हा स्टुडिओ काढला. त्यांच्या ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ची नायिका डोंबाऱ्यासारख्या कसरती करणारी मुलगी आहे. असुरांनी पळवलेल्या भावाच्या शोधात ती निघते आणि दुर्गा व विष्णू तिची गोष्ट सांगतात. वाडे-महाल राजस्थानी, रंगांवर पहाडी लघुचित्रांची छाया, कथेचे दुवे सावल्यांच्या बाहुल्यांतून. हे सगळे कुणाच्या संदर्भचित्रांबरहुकूम झालेले नाही. काय काढायचे हे चित्रकारानेच ठरवले, आणि म्हणूनच तो गेम गर्दीत ओळखू येतो. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर मागितलेला निधी जमला नाही. पुढे सुपर डॉट कॉम हा प्रकाशक मिळाला, १८ ऑगस्ट २०२० रोजी गेम निन्टेंडो स्विचवर आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकन मिळाले. पुरस्कार दुसऱ्याने नेला, पण नामांकन पुण्यातल्या छोट्या स्टुडिओचे होते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. महिन्याचा पगार सोडून तीन वर्षे एका गेमवर घालवणे किती घरांना परवडेल? थोड्यांनाच. म्हणून नोकरी सोडा, असे मी म्हणत नाही. इतरांच्या कामातली शिस्त नोकरीतच अंगी बाणते. माझे म्हणणे तयारीविषयी आहे. दुसरा आक्षेप असा, की हे सगळे पुण्या-मुंबईचे, वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेच्या पोराने याचे काय करावे? इथे मात्र मला आकडे वेगळे सांगतात. मॉडेल घडवायचे ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. गेम बांधायचे अनरिअल इंजिन एका गेमच्या पहिल्या दहा लाख डॉलर उत्पन्नापर्यंत रॉयल्टी मागत नाही, त्यापुढे पाच टक्के घेते. स्टीम या ऑनलाइन दुकानात गेम ठेवायला शंभर डॉलर पडतात, आणि साधारणपणे विक्रीतला तीस टक्के वाटा स्टीमचा. चांगला संगणक आणि वीज हा खर्च खराच, पण दुकान मांडायला पुण्यात गाळा घ्यावा लागत नाही. एआय चित्रे काढू लागले, ही भीतीही मी हलकी मानत नाही. पण तिचा पहिला घाव बरहुकूम रांजण घडवणाऱ्यावरच बसेल, आणि तसे मनुष्यबळ तयार करण्यातच आपण गुंतलो आहोत.

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन-गेमिंग क्षेत्राच्या धोरणाला मंजुरी दिली. त्या धोरणाच्या पैशातून आणखी सॉफ्टवेअर शिकवणारे वर्ग उघडले, तर स्वस्त हातांची भरती तेवढी वाढेल. नागपूर-वर्ध्याच्या अभ्यासक्रमांत शेवटची सहामाही वेगळी असावी. चौघांनी मिळून वीस मिनिटांचा का होईना, पण पुरा गेम करावा, तो प्रत्यक्ष विक्रीला ठेवावा. सोबत प्रकाशकाचा करार ओळीनओळ वाचायला आणि हक्क कुठल्या कलमात हातचे जातात ते ओळखायला वकिलाकडून शिकावे. असा गेम फार खपला नाही तरी चालेल. नोकरीच्या मुलाखतीत तो दाखवायला कुणाची परवानगी लागणार नाही.