एसटीला पासष्टी, ‘आयुष्मान’ला सत्तरी

कळंबच्या बसस्थानकातून सुटणाऱ्या एसटीत ६५ वर्षे पूर्ण झालेल्यांना अर्धे तिकीट लागते. ७५ नंतर प्रवास मोफत. बँकेत ठेवीवरचा ज्येष्ठांचा वाढीव व्याजदर साठीपासूनच मिळतो. केंद्र सरकारच्या आयुष्मान वय वंदना कार्डासाठी मात्र सत्तरी पूर्ण हवी. ज्येष्ठत्वाची अशी चार वेगवेगळी वये असल्याने घरोघरी गोंधळ आहे आणि तो कळतो रुग्ण दाखल करताना. म्हणून सल्ला देणारा विमा प्रतिनिधी असो, आपले सरकार सेवा केंद्राचा चालक असो की घरातला नातू, त्याने आधी दोनच कागद पाहावेत : आधार कार्ड आणि रेशन कार्ड. पॉलिसीचे माहितीपत्रक त्यानंतर.

सत्तरी पूर्ण झाली असेल तर...

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील प्रत्येकासाठी ही योजना खुली आहे. उत्पन्नाची अट नाही. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. कुटुंब आधीच आयुष्मान योजनेत असेल, तर घरातल्या सत्तरीपुढच्यांसाठी हे ५ लाख वेगळे असतात. ते इतरांबरोबर वाटून घ्यावे लागत नाहीत. घरात सत्तरीपुढचे दोघे असतील, तर ही रक्कम दोघांत मिळून असते. मधुमेह, रक्तदाब किंवा जुना हृदयविकार असला तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळते. खासगी पॉलिसी असलेल्यांनाही हे कार्ड काढता येते. केंद्रीय कर्मचारी आणि माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतील लाभार्थींना मात्र दोन्हींपैकी एकच निवडावी लागते.

अडचण नोंदणीत येते. वय आधारवरूनच धरले जाते. अनेक वृद्धांच्या आधारवर अंदाजाने टाकलेली जन्मतारीख आहे. खरे वय ७२ आणि आधारवर ६८ असेल, तर कार्ड निघत नाही. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद पडलेला असतो किंवा पुण्यातल्या मुलाचा असतो. मग ओटीपी तिकडे जातो. शेतात राबून बोटांचे ठसे पुसट झाले असतील, तर चेहरा किंवा डोळ्यांच्या पडताळणीचा पर्याय आहे. जन्मतारखेची आणि क्रमांकाची दुरुस्ती तब्येत ठीक असतानाच करून घ्यावी.

सत्तरीच्या आत असाल तर...

इथे रेशन कार्ड कामाला येते. पूर्वी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पिवळे आणि केशरी कार्डधारक होते. धाराशिवसह १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही लाभ होता, पण त्यासाठी सातबारा दाखवावा लागे. जुलै २०२४ पासून कोणत्याही रंगाच्या रेशन कार्डावर ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. मुले विभक्त होताना रेशन कार्डेही वेगळी होतात. त्या वाटणीत आई-वडिलांचे नाव कोणत्या कार्डावर राहिले, हे आजच पाहून ठेवा.

खासगी पॉलिसी घेताना...

एप्रिल २०२४ पासून ६५ वर्षांची वरची मर्यादा कंपन्यांवर राहिलेली नाही. आधीपासूनच्या आजारासाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त ३ वर्षे. जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल, तर कंपनीला आधी विमा नियामकाशी सल्लामसलत करावी लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवर जीएसटीही नाही. ‘शुगर लिहू नका, हप्ता वाढेल’ असे कोणी सुचवले, तर त्याच्याकडून पॉलिसी घेऊ नये. लपवलेला आजार पुढे दावा नाकारण्याचे कारण ठरतो. पॉलिसी हाती आल्यावर पटली नाही, तर ३० दिवसांत परत करता येते.

कार्ड म्हणजे सर्व काही नव्हे

सरकारी योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहेत. महिन्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि नेहमीची तपासणी त्यात बसत नाही. शिवाय रुग्णालय योजनेच्या यादीत असावे लागते आणि तो उपचारही त्यात असावा लागतो. कळंबला उपजिल्हा रुग्णालय आहे. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी धाराशिव, लातूर, बार्शी किंवा अंबाजोगाई गाठावी लागते. गाडी करण्याआधी आयुष्मानसाठी १४५५५ किंवा राज्य योजनेसाठी १५५३८८ या क्रमांकावर विचारले, तर चुकीच्या दारात पैसे भरण्याची वेळ टळते. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. दाखल होतानाच त्याला भेटावे.

योजना कागदावर सर्वांसाठी आहे. पण ती मोबाइल ॲप, ओटीपी आणि आधार दुरुस्तीच्या पायऱ्या चढून मिळते आणि ज्यांच्यासाठी ती आहे, त्यांचेच गुडघे दुखतात. तालुका प्रशासनाने आधार दुरुस्ती, रेशन कार्डावरील नाव आणि वय वंदना नोंदणी ही तिन्ही कामे एकाच ठिकाणी, आठवडी बाजाराच्या दिवशी करून दिली पाहिजेत. तोवर घरातल्या स्मार्टफोनवाल्याने आपल्या आजी-आजोबांचे आधार एकदा उघडून जन्मतारीख वाचावी. नोंदणी मोफत आहे.