गाईड जे सांगत नाही

आपल्याकडच्या बाईला घराबाहेर पडायला तीनच कारणं चालतात. लग्न, दवाखाना आणि देव. चौथं कारण सांगितलं की सासूबाईंच्या कपाळावर आठी आणि शेजारणीच्या तोंडी प्रश्न, "मंग घरी सैपाक कोन करन?" त्यामुळे आष्टी, आर्वी, तळेगावकडच्या बाया हिमालयात निघाल्या तरी पत्रिकेवर 'देवदर्शन' असंच छापावं लागतं. तेही चालेल. पण तिथे जाऊन नुसतं दर्शन घेऊन परत यायचं का, हा माझा प्रश्न आहे.

आमच्या भिशीतल्या अकरा जणींनी दोन वर्षं पैसे साठवून शिमल्याहून किन्नौर आणि स्पितीचा प्रवास केला. गाडी, ड्रायव्हर, गाईड, मुक्काम सगळं ठरलेलं. असा ठरलेला प्रवास वाईट असं मी मुळीच म्हणणार नाही. पहिल्यांदा घर सोडणाऱ्या बाईला त्याचा केवढा तरी आधार असतो. सामान कोण उचलणार, रात्री कुठे उतरणार, ही काळजी डोक्यातून गेली की मगच डोळे उघडे राहतात.

आणि बघण्यासारखं तर किती! सराहनचं भीमाकालीचं मंदिर बघा. बुशहरच्या राजांची ही कुलदेवता. दगडाचा एक थर, लाकडाचा एक थर, अशा भिंती. भूकंपाच्या मुलखात घरं कशी बांधावीत हे तिथल्या गवंड्यांना आधीच कळलं होतं. पुढे कल्पा. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत बर्फ पडायच्या आत म्हणून किन्नौरमध्ये ऑक्टोबर १९५१ मध्येच मतदान उरकलं आणि कल्पाचे शिक्षक श्यामसरन नेगी देशाचे पहिले मतदार ठरले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते वारले, पण त्याआधी काही दिवस त्यांनी शेवटचं मत दिलं होतं. १६ ऑगस्ट १९४२ च्या शहीदांचं गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आष्टीच्या बायांना ते ऐकून काय वाटलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

मग ताबो. सन ९९६ मधला बौद्ध मठ, म्हणजे हजार वर्षं उलटून गेली. बाहेरून बघाल तर मातीच्या साध्या बसक्या भिंती. आत पाऊल टाकलं की अंधारात हळूहळू रंग दिसायला लागतात. चित्रांनी भिंती भरलेल्या. त्याला 'हिमालयातलं अजिंठा' म्हणतात. आपण अजिंठावाले, आपल्याला ते लगेच पटतं. आमच्यातल्या दोघी दरवर्षी दीक्षाभूमीवर जाणाऱ्या. त्या तिथे बराच वेळ हात जोडून बसल्या आणि भीमाकालीपुढे ओटी भरणाऱ्या बाकीच्या त्यांच्यासाठी बाहेर शांतपणे थांबल्या. गावात एकमेकींच्या देवळात न जाणाऱ्या बाया हजार मैलांवर एकाच गाडीत बसल्या की किती सहज वागतात!

गाईड हे सगळं सांगतो. सन सांगतो, उंची सांगतो, राजांची नावं सांगतो. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सफरचंदाच्या बागांत पाठीवर टोपल्या घेऊन वाकलेल्या बाया दिसतात, त्यांच्याबद्दल तो काही बोलत नाही. आम्ही विचारलं, ही बाग कोणाची? उत्तर मिळालं, बापाची, मग भावाची. लेकीची नाही.

घरी आल्यावर मी एका वकील मैत्रिणीकडून समजून घेतलं. १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढली तरच तो लागू होतो. किन्नौर, लाहौल-स्पितीत जुना रिवाज चालतो आणि त्या रिवाजात वडिलांची जमीन मुलांकडे जाते. तिथल्या बाया याविरुद्ध वर्षानुवर्षं बोलत आहेत. २०१५ मध्ये हिमाचलच्या उच्च न्यायालयाने आदिवासी भागातल्या मुलींनाही या कायद्याप्रमाणे वाटा मिळावा असं म्हटलं. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, कारण कायद्याचे शब्द स्पष्ट आहेत. हे शब्द बदलण्याचा सरकारने विचार करावा, असं सर्वोच्च न्यायालयानेच दुसऱ्या एका प्रकरणात डिसेंबर २०२२ मध्ये सुचवलं होतं.

म्हणजे बघा, देवी गादीवर आणि लेक बांधाबाहेर! भीमाकालीला सोन्याचा मुकुट, आणि तिच्याच डोंगरात राबणाऱ्या मुलीच्या नावावर एक झाडही नाही.

"बिचाऱ्या तिकडच्या बाया," असं म्हणून आपण मोकळ्या होऊ शकतो. पण मैत्रिणींनो, आधी आपलं बघा. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत १९९४ मध्येच हक्क दिला. साऱ्या देशात तो २००५ मध्ये आला. कायदा आपल्या बाजूने आहे. तरी आपल्याकडे काय होतं? वडील गेले की तेराव्यानंतर भाऊ गाडी घेऊन येतो, बहिणीला तालुक्याला नेतो आणि हक्कसोड पत्रावर सही घेतो. साडी मिळते, माहेर टिकतं, असं आपणच एकमेकींना सांगतो. किन्नौरच्या बाईला कायदा देत नाही म्हणून मिळत नाही. आपल्याला कायदा देतो आणि आपण सही करून परत करतो. जास्त वाईट कोणतं?

आणि आपल्याच जिल्ह्यातल्या गोंड, कोलाम बायांचं काय? त्यांनाही तो कायदा आपोआप लागत नाही. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समानतेच्या तत्त्वावर बाईच्या वारसांना वाटा दिला. पण प्रत्येकीने कोर्टात जायचं म्हटलं तर किती जणींना ते परवडणार आहे?

शेतकरी संघटनेच्या चांदवडच्या अधिवेशनाला १९८६ मध्ये हजारो शेतकरी बाया जमल्या. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत बायकोच्या नावे जमीन करून देणारी माणसं आपल्या महाराष्ट्रानेच पाहिली. तेव्हा हे होतच नाही, असं कोणी सांगू नये.

म्हणून माझं म्हणणं असं, की बायांनी प्रवास जरूर करावा. भिशी लावा, स्वतःच्या नावाने बुकिंग करा, पावती घ्या. पावसाळ्यात जाऊ नका. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलात दरडींनी काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. बारा हजार फुटांवर जायचं तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि चढताना मुक्काम करत हळूहळू वर जा. आणि गाईडला विचारा. मंदिर किती जुनं हे तर विचाराच, पण इथली शाळा केवढी, दवाखाना किती लांब, बाळंतपण कुठे होतं, जमीन कोणाच्या नावावर, हेही विचारा. मोठ्या हॉटेलाऐवजी एखादी रात्र घरगुती मुक्कामाला राहा. चुलीपाशी बसलं की तोडक्यामोडक्या हिंदीतही बायका बायकांना सगळं सांगतात.

आमच्या अकरा जणींपैकी तिघींनी परत आल्यावर माहेरच्या शेताचा सातबारा काढून पाहिला. एकीचं नाव अजून त्यावर आहे. भाऊ सहीसाठी दोनदा येऊन गेला आहे. तिने अजून सही केलेली नाही. तिने काय करावं हे मी तिला सांगणार नाही, पण ती निदान विचार करते आहे. देवदर्शनाचा एवढा प्रसाद मला पुरेसा वाटतो.