दुष्काळी तालुक्यांतला अतिवृष्टीचा हिशेब

बारामती आणि इंदापूरचा जिरायती पट्टा म्हटला की पर्जन्यछाया आणि टँकरच आठवतात. पण सप्टेंबर २०१९ मध्ये कऱ्हेला पूर आला आणि बारामतीतील नदीकाठच्या वस्त्या हलवाव्या लागल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या क्षेत्रामुळे इंदापुरात ओढे पात्र सोडून वाहिले. मे २०२५ मध्ये मान्सून राज्यात दाखल होत असतानाच बारामती तालुक्यात नीरा डावा कालवा फुटला आणि दोन्ही तालुक्यांत एनडीआरएफची पथके पाठवावी लागली.

तीन घटनांवरून हवामान बदलल्याचे सिद्ध होत नाही. मात्र तापमान एक अंशाने वाढले की हवेची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, हे भौतिकशास्त्र पक्के आहे. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्याचे पुण्याच्या आयआयटीएममधील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात २०१७ मध्ये दिसून आले.

खरा प्रश्न आहे तो स्थानिक आकड्याचा. एखाद्या ओढ्यावर उद्या किती पाऊस कोसळू शकेल? जागतिक हवामान प्रारूपे पृथ्वीचे साधारण शंभर किलोमीटरचे चौकोन पाडतात. असा एक चौकोन म्हणजे दहा हजार चौरस किलोमीटर, पुणे जिल्ह्याचा जवळपास दोन तृतीयांश भाग! त्यात घाटमाथा आणि माळरान एकाच सरासरीत मिसळून जाऊ शकतात. म्हणून बारीक चौकोनांची प्रादेशिक प्रारूपे चालवावी लागतात आणि त्यांचे निष्कर्ष स्थानिक नोंदींशी ताडून पाहावे लागतात. तरीही हाती येतो तो एक आकडा नव्हे, तर किमान-कमाल असा पल्ला.

इथेच कारभाराचे घोडे अडते. ‘अंदाज नक्की नसेल, तर मोठ्या मोरीवर खर्च कशाला?’ असा प्रश्न येतो. पण जुना आकडा तरी कुठे नक्की होता? तोही जुन्या नोंदींवरून बांधलेला अंदाजच. शिवाय ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ येणारा पाऊस म्हणजे दरवर्षी चार टक्के शक्यता. हवामान अजिबात बदलले नाही, तरी पुढच्या पंचवीस वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता ६४ टक्के आहे. बदलत्या हवामानात ती वाढली, तर जुन्या मापाची मोरी आणि कालव्याचा भराव किती वर्षे तग धरणार?

म्हणून नवी मोरी, पूल किंवा कालव्याची दुरुस्ती मंजूर करताना पल्ल्याची वरची बाजूही तपासणे बंधनकारक हवे. महावेध प्रकल्पातून राज्यात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आहेत. त्यांच्या तासागणिक नोंदी अभियंत्यांना, संशोधकांना आणि ग्रामपंचायतींना सहज मिळाल्या पाहिजेत. ओढा तुडुंब भरतो तो दिवसाच्या बेरजेने नव्हे, तासाभराच्या झडीने. वार्षिक सरासरी टंचाई आराखड्याला पुरेशी असेल. भराव वाचवायला ती कामाची नाही.