झाकीरभाईंना कुणाचं सर्टिफिकेट हवं?

१५ डिसेंबर २०२४ ला उस्ताद झाकीर हुसेन सॅन फ्रान्सिस्कोत वारले. वय ७३. त्या आठवड्यात माझ्या मोबाइलवर दोन तऱ्हेचे मेसेज आले. एक आपल्याच लोकांचा : "उमर गाण्याबजावण्यात घालवली, त्याच्यासाठी मगफिरतची दुआ कसली मागता?" दुसरा एका बिगरमुस्लिम ओळखीच्याचा : "मुसलमान असावा तर असा!" त्रास दोन्हींचा सारखाच झाला.

आधी आपल्या लोकांशी बोलतो. संगीताबद्दल उलेमांत मतभेद आहेत, ते शतकानुशतकांचे आहेत. अनेक फकीहांनी मनाई केली, हे मी नाकारत नाही. पण इब्ने हज्म यांनी संगीत जायज मानलं, इमाम गझालींनी समाअला अटींसह वाव दिला. ईदच्या दिवशी हजरत आयेशांच्या घरी मुली गात होत्या, हजरत अबू बक्र रागावले, तेव्हा नबी (स.) यांनी मुलींना गाऊ द्यायला सांगितलं, ही हदीस बुखारीत आहे. तुम्ही म्हणाल, ती सवलत ईदपुरती, दफपुरती. म्हणा. पण ज्या प्रश्नावर एवढे मोठे इमाम एकमत झाले नाहीत, त्यावर तुम्ही अंगठ्याने मेसेज पुढे ढकलून एका मय्यतीचा निकाल लावता? आखिरतचा हिशेब अल्लाहने तुमच्याकडे कधी सोपवला?

झाकीरभाई स्वतः सांगत, की लहानपणी माहीमला पहाटे अब्बांसोबत, म्हणजे उस्ताद अल्लारखाँ यांच्यासोबत रियाज, मग मदरशात कुरआन, मग मिशनरी शाळा असा दिवस जाई. एकाच मुलाच्या एकाच सकाळी हे सगळं मावत होतं. आपल्या मनात मात्र मावत नाही.

आता त्या दुसऱ्या मेसेजवाल्यांशी. "असा" म्हणजे कसा? तबला वाजवणारा, पद्मविभूषण मिळालेला, एका रात्रीत तीन ग्रॅमी घेणारा? मग आमच्या नंदुरबारात पंक्चर काढणारा, भाजीची गाडी लावणारा "असा" नाही, म्हणून तो कमी मुसलमान की कमी भारतीय? एकाला डोक्यावर घेऊन बाकीच्यांना खाली ढकलायचं, याला आम्ही कौतुक म्हणत नाही.

आणि झाकीरभाई अपवादही नव्हते. बालगंधर्वांच्या नाटकांना तबल्याची साथ अहमदजान थिरकवाँची होती. सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँ. मिरजेत मुस्लिम घराणी पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे घडवतात. मराठी माणसाचं संगीत ज्यांनी उभं केलं, त्यांतल्या एकालाच वेगळा काढून "हा बघा चांगला" म्हणणं म्हणजे बाकीच्यांना विसरणं आहे.

'ग्रेटफुल डेड' या अमेरिकन रॉक बँडचा ड्रमर मिकी हार्ट याच्याबरोबर झाकीरभाईंनी 'प्लॅनेट ड्रम' केलं, १९९१ मध्ये. त्यात विक्कू विनायकराम यांचा घटम होता, आफ्रिकेचे, ब्राझीलचे वादक होते. तिथे एकमेकांचा ताल ऐकणं एवढंच काम होतं. कुणाला धर्माचा दाखला द्यावा लागला नाही.

शेवटचं माझ्याबद्दल. माझ्या वर्गात सातवीतला एक पोरगा बाकावर सतत बोटं चालवतो. ताल चुकत नाही. त्याचे वालिद मला म्हणाले, "सर, याला समजवा, लोक नावं ठेवतात." मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी त्या पोराला दटावलं. बीएडला बालमानसशास्त्राच्या पेपरात याच्या उलट लिहून मी मार्क मिळवले होते.

सातपुड्यात काठीच्या होळीला रात्रभर ढोल घुमतो, तो ऐकायला आपण हौसेने जातो. घरचं पोरगं बाकावर वाजवू लागलं, की मात्र आपल्याला लोक आठवतात.

या जुम्म्यानंतर मी त्या पोराच्या घरी जाणार आहे. आधी माफी मागेन, मग वालिदांशी बोलेन. मरहूम उस्तादांना श्रद्धांजली द्यायची तर मला एवढंच सुचतं. ज्यांना सर्टिफिकेटं वाटायची आहेत, त्यांनी वाटत बसावं. अल्लाह त्यांची मगफिरत करो. आमीन.