दोन गोळ्या, एक विकर

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या एक आजी नायट्याच्या तक्रारीसाठी माझ्याकडे आल्या. मी फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या लिहून दिल्या. ‘आणखी कोणते औषध चालू आहे?’ हा प्रश्न त्या दिवशी गर्दीत विचारायचा राहून गेला. आजी रोज वॉरफॅरिन, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी गोळी, घेत होत्या. दहाव्या दिवशी मुलगा त्यांना घेऊन आला, तेव्हा हिरड्यांतून रक्त येत होते आणि हातांवर काळेनिळे डाग उमटले होते. २.५ ते ३.५ असायला हवा असलेला आयएनआर ८ च्या वर गेला होता. रुग्णालयात वेळीच उपचार मिळाले आणि आजी बऱ्या झाल्या. चूक मात्र माझी होती.

हे घडले कसे? आपल्या यकृतात औषधांचे विघटन करणारी विकरे, म्हणजेच एन्झाइम्स असतात. त्यांतील मोठ्या कुळाला ‘सायटोक्रोम पी४५०’ म्हणतात. वॉरफॅरिनचा अधिक प्रभावी भाग मुख्यतः याच कुळातील ‘सीवायपी२सी९’ हे विकर निकामी करते. फ्लुकोनॅझोल नेमके त्याच विकराला अडवते. नळ तेवढाच सोडलेला, पण मोरी तुंबलेली. मग पाणी साचणारच. गोळी तीच, मात्राही तीच, तरी रक्तातील औषध वाढत जाते.

ही माहिती मिळवण्यात प्रयोगशाळेत तयार केलेल्या मानवी विकरांचा मोठा वाटा आहे. मानवी यकृताचे नमुने सहज मिळत नाहीत. शिवाय त्यांत अनेक विकरे एकत्र असतात आणि त्यांचे प्रमाण माणसागणिक बदलते. म्हणून शास्त्रज्ञ एकाच मानवी विकराचे जनुक कीटकांच्या पेशींत, यीस्टमध्ये किंवा जिवाणूंत घालतात. त्या पेशी ते विकर तयार करतात. मग एका कुपीत एकच विकर घेऊन त्यात औषध मिसळायचे आणि ते किती वेगाने कमी होते हे मोजायचे. दुसरे औषध घातल्यावर वेग मंदावला, तर धोक्याची सूचना मिळते. नवे औषध बाजारात येण्यापूर्वी अशी तपासणी केली जाते. अर्थात, कुपीला आतडी नसतात, मूत्रपिंडेही नसतात. म्हणून तेथील निष्कर्ष पुढे माणसांमध्ये पडताळून पाहावे लागतात.

उलटही घडते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन या विकरांचे प्रमाण वाढवते. मग वॉरफॅरिन लवकर संपते आणि गुठळी होण्याचा धोका निर्माण होतो. रिफाम्पिसिन थांबवल्यावर हा परिणाम हळूहळू ओसरतो; त्या काळात वॉरफॅरिनची वाढवलेली मात्रा तशीच राहिली, तर रक्तस्राव होऊ शकतो. याच कुळातील ‘सीवायपी३ए४’ या विकराला ग्रेपफ्रूटचा रस आतड्यात अडवतो. त्यामुळे सिम्व्हास्टॅटिनसारख्या कोलेस्टेरॉलवरील काही गोळ्यांचे रक्तातील प्रमाण वाढते.

वयपरत्वे यकृताचा आकार आणि त्यातील रक्तप्रवाह कमी होतो, गोळ्यांची संख्या मात्र वाढते. म्हणून ज्येष्ठांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनी पुढील गोष्टी जरूर पाळाव्यात.

• सर्व औषधांची यादी एका कागदावर लिहून खिशात ठेवा. त्यात आयुर्वेदिक काढे, चूर्णे आणि वेदनाशामकेही असू द्या. वेदनाशामकांचा मार्ग काहीसा वेगळा असला, तरी रक्तस्रावाचा धोका तोच.

• त्वचारोगतज्ज्ञ असोत वा दंतवैद्य, यादी आधी दाखवा, मग तक्रार सांगा.

• वॉरफॅरिन चालू असताना कोणतेही औषध सुरू किंवा बंद झाले, तर आयएनआर केव्हा तपासायचा हे त्याच दिवशी विचारा.

• काळी शौच, लघवीतून रक्त, न थांबणारा रक्तस्राव किंवा डोक्याला मार, यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठा.

• भीतीपोटी गोळी मनानेच बंद करू नका. कृत्रिम झडपेवर गुठळी होणे तितकेच घातक असते.

त्या आजी आजही येतात. खुर्चीवर बसण्याआधी घडी घातलेला कागद माझ्यापुढे ठेवतात आणि म्हणतात, “डॉक्टर, आधी हे वाचा.” तुम्हीही तुमच्या डॉक्टरांना निःसंकोचपणे असेच म्हणा.