पोराची अकरावी कुठं, त्यावर बापाची फी



दहावीचा निकाल लागला की आपल्या सीमेवरच्या गावांतून एक वेगळीच वारी निघते. देगलूर, बिलोलीकडची हुशार पोरं अकरावीला हैदराबाद गाठतात, काही जण थेट राजस्थानातलं कोटा. पोराला डॉक्टर करायचं म्हणून बाप सोयाबीनचा पैसा मोडतो, प्रसंगी बैलजोडी विकतो. क्लासची फी किती, राहायची सोय कशी, जेवण कसं, सगळं विचारून घेतो. एकच गोष्ट विचारायची राहते. दोन वर्षांनी परत आल्यावर हा पोरगा कागदावर कुठला ठरणार?

मागच्या हंगामात एका गावी बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक आटोपलं आणि एका शेतकऱ्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाले, "साहेब, सातबारा इथला, रेशनकार्ड इथलं, मतदान इथं. मग माझा पोरगा परका कसा झाला?" मुलाला 'नीट' परीक्षेत गुण बरे होते, पण बारावी हैदराबादची. मी म्हणालो, "दादा, तुम्ही इथलेच. पण नियम तुमचं घर बघत नाही, पोराची शाळा बघतो."

नियम काय आहे?

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या एमबीबीएसच्या १५ टक्के जागा देशभरातल्या मुलांसाठी असतात, ८५ टक्के राज्याच्या वाट्याच्या. राज्याच्या वाट्यात बसायचं तर महाराष्ट्राचा अधिवास लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. बदलीवर असणाऱ्या सरकारी नोकरांच्या मुलांना यात काही सवलती आहेत. शिकायला म्हणून बाहेर गेलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला त्या नाहीत.

बरं, हैदराबादला शिकला म्हणून तेलंगणा तरी त्याला आपला म्हणेल? तेही नाही. तिथं बारावीपर्यंतची सलग चार वर्षं त्याच राज्यात शिकलेलं असावं, अशी मुख्य अट आहे. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये ती कायम ठेवली. म्हणजे दोन वर्षं शिकलेला आपला पोरगा धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. त्याच्यापुढं उरतात त्या देशपातळीवरच्या १५ टक्के जागा, नाहीतर खासगी संस्थांचा कोटा आणि अभिमत विद्यापीठं. तिथली फी भरायची म्हणजे रान विकायची वेळ.

अभियांत्रिकीला मात्र नियम सैल आहे. बारावी बाहेरची असली तरी उमेदवाराचा, आईचा किंवा वडिलांचा महाराष्ट्राचा अधिवास असला तर अर्ज चालतो. पोरगा तोच, गाव तेच, पण एक दार उघडं आणि दुसरं बंद. म्हणून 'शेजाऱ्याच्या मुलाचं झालं, आपलंही होईल' या भरवशावर राहू नका.

हे आलं कुठून?

हा वाद जुना आहे. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारत राज्याच्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ होती, बाहेरच्यांना भरावी लागे. दिल्लीच्या एका विद्यार्थ्यानं त्याविरुद्ध दाद मागितली. १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्याच्या बाजूनं निकाल दिला. घटनेच्या १५ व्या कलमात जन्मस्थानावरून भेदभाव करायला मनाई आहे, रहिवासावरून नाही, असा त्याचा आधार. पुढं १९८४ मध्ये याच न्यायालयानं सांगितलं की भारतीयाचा अधिवास एकच, तो भारताचा. तरी एमबीबीएसच्या काही जागा स्थानिकांसाठी ठेवता येतील. जानेवारी २०२५ मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणातलं रहिवासावर आधारलेलं आरक्षण रद्द झालं. एमबीबीएसचं राहिलं.

यामागचा विचार चुकीचा नाही. महाविद्यालय राज्याच्या पैशावर चालतं, तर राज्यातल्या लेकरांना आधी जागा मिळावी. पण तो पैसा भरणारा बाप कुठं राहतो हे महत्त्वाचं, की पोरानं दोन वर्षं कुठं शिकवणी लावली हे? ज्याची सात पिढ्यांची माती इथं आहे त्याला दोन वर्षांच्या शाळेपायी बाहेरचा ठरवणं मला पटत नाही. अभियांत्रिकीसारखी आई-वडिलांच्या अधिवासाची वाट वैद्यकीयलाही असावी. पण नियम बदलेपर्यंत तो माहीत असणं हाच आपला बचाव.

कमाई कुणाची धरायची?

दुसरा घोळ उत्पन्नाचा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांची निम्मी शिक्षण फी शासन भरतं. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमात या मर्यादेत बसणाऱ्या आर्थिक दुर्बल, मराठा व इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींची पूर्ण फी माफ आहे. अटी मात्र बघा. अधिवास महाराष्ट्राचा, प्रवेश सरकारी प्रवेशफेरीतून, शाहू योजनेचा लाभ घरातल्या दोनच अपत्यांना. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की हा लाभ गेला.

आणि दाखला आई-वडिलांच्या उत्पन्नाचा लागतो. पोरगा पुण्यात रात्रपाळी करून स्वतःचा खर्च भागवत असला, घरून दमडी घेत नसला, तरी कागदावर तो बापाच्याच ताटात जेवतो. अमेरिकेत सरकारी विद्यापीठांची फी राज्यातल्यांना कमी आणि बाहेरच्यांना बरीच जास्त असते. तिथं स्वतःच्या कमाईवर जगतो हे सिद्ध करणाऱ्या विद्यार्थ्याचा रहिवास बऱ्याच राज्यांत आई-वडिलांपासून वेगळा धरतात. केंद्राच्या मदतीसाठी २४ वर्षं वय झालं की सहसा आई-वडिलांचं उत्पन्न विचारत नाहीत. आपल्याकडं असं वय ठरलेलं नाही. (आपली जी पोरं विद्यार्थी व्हिसावर तिकडं जातात, त्यांना सहसा बाहेरच्यांचीच फी पडते. कर्ज काढण्याआधी हे लक्षात घ्या.)

आता काय करावं?

१) अकरावीला बाहेर धाडण्याआधी, पोराला कोणत्या शाखेला जायचं ते ठरवा. वैद्यकीय असेल तर अकरावी-बारावी महाराष्ट्रातच ठेवा.

२) अधिवास प्रमाणपत्राला राज्यातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. शाळेचे दाखले, निर्गम उतारे आत्ताच गोळा करा. जूनमध्ये तहसीलला रांग असते.

३) जमीन कमी असेल तर अल्पभूधारक दाखला काढून ठेवा. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याला तो लागतो.

४) माहितीपुस्तिका दरवर्षी नव्यानं वाचा. मागच्या सालचं बियाणं यंदा उगवेलच असं नाही.

तलाठी आणि ग्रामसेवक मित्रांनाही एक विनंती. उत्पन्नाचा अहवाल लिहिताना मागच्या वर्षीचाच आकडा उतरवू नका, यंदाचं पीक बघा. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या लेकरांची शाळा दोन-दोन राज्यांत विखुरलेली असते. त्यांचा पुरावा जुळवायला हात द्या. तुमच्या एका सहीवर एखाद्या घराचं रान शाबूत राहतं.

पेरणीआधी आपण जमिनीचा वाफसा बघतो ना? तसाच पोराच्या प्रवेशाआधी नियम बघा. पेरून झाल्यावर वाफसा बघून काही हाती लागत नाही.